थॅलेसेमियाची मुले आणि प्रत्यारोपणाची वेळ

सहा-आठ महिन्यांचे मूल हळूहळू पांढुरके पडू लागते. दूध ओढताना दमते, पोट फुगलेले राहते, वजन वाढत नाही. घरात म्हणतात, दात येताहेत. एखादा डॉक्टर लोहाचे टॉनिक लिहून देतो. मग कधीतरी रक्त तपासले जाते आणि हिमोग्लोबिन तीन किंवा चार निघते. पुढच्या तपासणीत निदान येते : बीटा थॅलेसेमिया मेजर. मुलाच्या शरीरात धड हिमोग्लोबिन तयारच होत नाही, दर दोन-चार आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवावे लागेल, आणि हे जन्मभर चालेल, असे आईबापांना सांगितले जाते. त्यावर ते पहिला प्रश्न विचारतात, "हे कायमचं बरं होतं का?"

होते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने, म्हणजे बोली भाषेतल्या बोन मॅरोने, हा आजार मुळापासून बरा होतो. ही गोष्ट चाळीस वर्षांहून अधिक काळ सिद्ध आहे. तरीही आपल्याकडे ज्या मुलांना त्याचा फायदा होऊ शकला असता, त्यांतल्या बहुसंख्य मुलांपर्यंत तो पोचत नाही. पैसा हे एक कारण आहेच. पण मला त्याहून मोठे वाटणारे कारण वेगळे आहे. प्रत्यारोपण यशस्वी होणार की नाही, हे मूल त्या विशेष वॉर्डात दाखल होण्याच्या कितीतरी आधी, जिल्ह्याच्या ठिकाणच्या रक्त चढवण्याच्या खाटेवर ठरत असते. तिथली वर्षे निष्काळजीपणे गेली, तर पुढे कितीही निष्णात डॉक्टर मिळाले तरी हातातली संधी आकसलेली असते.

भारतात दरवर्षी दहा हजारांहून अधिक मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. लोकसंख्येतले साधारण तीन ते चार टक्के लोक या आजाराचे वाहक, म्हणजे मायनर आहेत. त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी असते. दोन मायनर एकत्र आले की प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता मेजर मुलाची. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली, बंगाली यांच्यात प्रमाण जास्त आहे हे बऱ्याच जणांना माहीत असते. त्यामुळे उल्हासनगरच्या किंवा नागपूरच्या जरीपटक्याच्या सिंधी वस्तीत या आजाराचे नाव घराघरांत माहीत असते. पण कोळी, सारस्वत आणि महाराष्ट्रातला बौद्ध समाज यांच्यातही वाहकांचे प्रमाण सरासरीपेक्षा अधिक आढळले आहे, आणि तिथे हे नाव बहुधा आजारी मूल जन्मल्यावरच पहिल्यांदा कानावर पडते. नात्यात लग्न झाले म्हणून हा आजार होतो, ही समजूतही अर्धवट आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीत लग्ने होत राहिली, एवढे त्याला पुरते.

हा जनुकीय दोष इतका पसरला कसा, याचे उत्तर हिवतापात आहे. जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४९ साली तर्क मांडला की मायनर माणसे मलेरियात तगून राहतात, म्हणून मलेरियाच्या प्रदेशात हा दोष टिकतो. तो तर्क पुढे खरा ठरला. 

आता त्या रक्त चढवण्याच्या खाटेकडे येऊ. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीर मात्र दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकते. उरलेले साठत जाते, आधी यकृतात, मग हृदयात आणि शरीराची वाढ राखणाऱ्या ग्रंथींत. थॅलेसेमियाची मुले पूर्वी पंधरा-वीस वर्षांची होऊन जात, ती बहुतेक या लोहामुळे हृदय निकामी होऊन. लोह काढायला पूर्वी एकच औषध होते, डेफेरॉक्सामिन. ते पोटाच्या कातडीखाली सुई टोचून, छोट्या पंपातून रात्रभर, आठवड्यातले पाच-सहा दिवस द्यावे लागे. झोपलेल्या लेकराला रोज रात्री सुई लावणाऱ्या आया महाराष्ट्रात अजून आहेत. नव्वदच्या दशकात सिप्लाने डेफेरिप्रोनच्या गोळ्या आणल्या, त्यानंतर डेफेरासिरॉक्स आले, आणि पंप बऱ्याच घरांतून गेला. गोळी आली म्हणून ती रोज घेतली जाते असे मात्र नाही. महिन्याचा खर्च असतो, सरकारी दवाखान्यातला पुरवठा मध्येच तुटतो, आणि लोह दिसत नाही, दुखत नाही. रक्त चुकले तर मूल दोन दिवसांत मलूल होते, त्यामुळे रक्त कुणी चुकवत नाही. गोळी चुकली तर पाच वर्षांनी कळते.

हे तपशील इतके सांगण्याचे कारण इटलीतल्या एका गावात आहे. थॅलेसेमियाच्या मुलावर पहिली प्रत्यारोपणे १९८१ च्या डिसेंबरात झाली. एक अमेरिकेत सिअ‍ॅटलला, डोनल थॉमस यांच्या केंद्रात, आणि त्याच महिन्यात दुसरे एड्रियाटिक समुद्राकाठच्या पेझारो या इटालियन गावात, ग्वीदो लुकारेल्ली यांच्याकडे. थॉमस यांना १९९० चे नोबेल मिळाले. पण थॅलेसेमियाच्या प्रत्यारोपणाचे सगळे व्यवहारी शहाणपण पेझारोहून आले. लुकारेल्लींनी शेकडो मुलांवर काम करून तीन प्रश्न नक्की केले : यकृत वाढले आहे का, यकृतात जखमेचे वण म्हणजे फायब्रोसिस आहे का, आणि लोह काढण्याचे औषध नियमित चालू होते का. तिन्ही बाबतीत मूल ठीक असेल तर पहिला वर्ग, एक किंवा दोन दोष असतील तर दुसरा, तिन्ही असतील तर तिसरा. १९९० साली त्यांनी निकाल प्रसिद्ध केले. पहिल्या वर्गातली शंभरातली नव्वदाहून अधिक मुले आजारमुक्त होऊन जगली. तिसऱ्या वर्गातली साठच्या आसपास वाचली, आणि त्यांतल्याही काहींचा आजार परतला. दाते तशीच भावंडे, औषधे जवळपास तीच, डॉक्टर तेच. फरक पडला तो आधीच्या वर्षांत त्या यकृताचे काय झाले याने.

भारतात पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले, रक्ताच्या कर्करोगाच्या एका लहान मुलीवर. थॅलेसेमियासाठी सुरुवात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८६ साली डॉ. मॅमन चांडी यांच्या नेतृत्वाखाली केली. त्यांच्याकडे येणारी बहुतेक मुले तिसऱ्या वर्गातली असत, त्यामुळे पेझारोची विभागणी त्यांना अपुरी पडली. मग वेल्लोरच्या डॉक्टरांनी तिसऱ्या वर्गातही फोड केली : वय सातहून जास्त आणि यकृत पाच सेंटिमीटरहून अधिक वाढलेले, अशा मुलांना धोका सर्वांत मोठा. पुढे त्यांनी जुनी मज्जा नष्ट करणाऱ्या केमोथेरपीत बुसल्फानऐवजी ट्रिओसल्फान हे औषध वापरून अशा मुलांचेही निकाल बरेच सुधारले. बंगळुरूच्या संकल्प इंडिया फाउंडेशनने इटलीच्या क्युअर टू चिल्ड्रन संस्थेबरोबर आणखी एक साधा मार्ग धरला. मूल आले की लगेच प्रत्यारोपण करायचे नाही, आधी काही महिने नियमित रक्त आणि लोह काढण्याचे जोरकस उपचार देऊन वाढलेले यकृत लहान करायचे. आपल्या देशाने या विद्येत घातलेली भर ही अशी आहे, उशिरा आलेल्या मुलाला कसे वाचवावे याची. तिचे मोल मोठे आहे, पण तिची गरज पडते याचे वाईट वाटते.

दाता कोण असतो? रक्तगट जुळणे वेगळे आणि इथले जुळणे वेगळे. इथे एचएलए, म्हणजे पेशींवरची खूण, जुळावी लागते. ही खूण आईकडून अर्धी आणि वडिलांकडून अर्धी येते, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईबापांशी सहसा निम्मीच जुळते. भावंड स्वतः मेजर नको, हे उघड आहे. दोन्ही अटी एकत्र धरल्या तर एका भावंडामागे संधी सोळात तीन, म्हणजे पाचात एकाहूनही कमी. मायनर भावंड दाता होऊ शकते, हे मात्र अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. "त्यालाही मायनर निघालं, म्हणून मॅचिंग केलंच नाही," असे सांगणारे पालक भेटतात, तेव्हा फार हळहळ वाटते. मायनर भावंडाची मज्जा मिळालेले मूल स्वतः मायनर होते, आणि मायनर माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो.

प्रत्यक्ष प्रत्यारोपण पाहिले तर पहिल्यांदा अपेक्षाभंग झाल्यासारखे वाटते. मूल शस्त्रक्रियागृहात जात नाही. छातीत आधीच बसवलेल्या नळीला रक्ताच्या पिशवीसारखी गडद लाल पिशवी जोडतात आणि ती काही तासांत संपते. खरा त्रास त्या आधीच्या आठवड्यात सुरू झालेला असतो. मुलाची स्वतःची सदोष मज्जा तीव्र केमोथेरपीने नष्ट करावी लागते, तरच नव्या पेशींना जागा मिळते. मग केस जातात, तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर सोलवटते, मूल गिळू शकत नाही, नाकातून नळी घालून दूध द्यावे लागते. हवा गाळून घेतलेल्या खोलीत आई त्याच्यासोबत कोंडलेली असते. जेवण प्रेशर कुकरमधून निघालेले गरम, कच्चे फळ नाही, कुणी भेटायला नाही. रोज सकाळी फळ्यावर काउंट लिहितात. पांढऱ्या पेशी शंभर, शंभर, दोनशे, पुन्हा शंभर. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी लागोपाठ तीन दिवस पाचशेच्या वर गेल्या की म्हणतात, "काउंट आले." ते साधारण दोन ते तीन आठवड्यांनी घडते. या दिवसांत प्लेटलेट आणि रक्त वरचेवर लागते, तेही किरणोत्सर्ग दिलेले, आणि त्यासाठी रक्तदाते बाप गोळा करत फिरतो. परक्या गावात, जिथे ओळख नाही, हे काम जीव काढते. डिस्चार्ज मिळाल्यावरही पहिले शंभर दिवस रुग्णालयाच्या जवळ राहावे लागते. वेल्लोरला रुग्णालयाभोवतीच्या लॉजमध्ये स्टोव्हवर शिजवून खाणारी देशभरातली कुटुंबे दिसतात, ती याचसाठी. बापाची नोकरी तोवर टिकली तर नशीब.

धोके तीन. नवी मज्जा मुळी रुजतच नाही. किंवा रुजते, पण तिच्यातल्या पेशी मुलाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करतात, याला ग्राफ्ट व्हर्सस होस्ट म्हणतात. किंवा प्रतिकारशक्ती शून्य असताना एखादा जंतुसंसर्ग मुलाला घेऊन जातो. चांगल्या केंद्रात, कमी धोक्याच्या मुलाला, जुळणाऱ्या भावंडाकडून मज्जा मिळाली, तर शंभरातली पंचाऐंशी ते नव्वद मुले आजारमुक्त होतात. उरलेल्या मुलांविषयी बोलायला सगळ्यांनाच जड जाते, आणि म्हणूनच ते बोलले पाहिजे. कर्करोगाचे मूल प्रत्यारोपणाला येते तेव्हा दुसरा मार्ग राहिलेला नसतो. थॅलेसेमियाचे मूल मात्र स्वतःच्या पायांनी चालत वॉर्डात येते, शाळेची वही घेऊन येते. त्याला रक्त आणि गोळ्या चालू ठेवल्या तर ते आणखी कित्येक वर्षे जगणार असते. युरोपात नीट उपचार घेणारे थॅलेसेमियाचे रुग्ण पन्नाशी पार करतात. अशा मुलाला आज दहातल्या एका धोक्यात घालायचे की नाही, हा निर्णय आईबापांनी घ्यायचा असतो, आणि तो चुकला असे त्यांना वाटले तर त्यांना कुणी समजावू शकत नाही. मला विचाराल तर आपल्या परिस्थितीत कल प्रत्यारोपणाकडेच असावा. युरोपातल्यासारखे अखंड उपचार आपल्या बहुतेक मुलांना मिळत नाहीत, आणि प्रत्येक पिशवीबरोबर जंतूंचीही जोखीम असते. नागपूरमध्ये २०२२ साली रक्त चढवलेल्या चार थॅलेसेमियाग्रस्त मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले होते. पण हा माझा कल आहे. प्रत्येक कुटुंबाला आकडे त्यांच्या मुलाच्या वर्गाचे सांगितले गेले पाहिजेत, माहितीपत्रकातले नव्हे.

दाता असलेल्या भावंडाचाही विचार हवा. तेही बहुतेकदा पाच-सात वर्षांचे असते. त्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून, वजनाच्या प्रमाणात मर्यादा ठेवून, मज्जा काढतात. दुसऱ्या दिवशी कंबर दुखते, आठवड्याभरात ते खेळू लागते, मज्जा भरून येते. धोका फार थोडा. तरी संमती दोन्ही मुलांच्या वतीने तेच आईबाप देतात, आणि एका लेकराच्या जिवासाठी दुसऱ्याकडून घेताना त्यांना तटस्थ राहता येत नाही. काही देशांत अशा वेळी दात्या मुलासाठी वेगळा, उपचार करणाऱ्या चमूबाहेरचा डॉक्टर नेमतात. आपल्याकडे हा रिवाज सगळीकडे असावा. समजा प्रत्यारोपण फसले, तर त्या दात्या मुलाला "तुझ्यामुळे नाही" हे स्पष्ट शब्दांत सांगणारे कुणीतरी हवे, कारण ते मूल मनात तेच धरून बसते. जुळणाऱ्या मुलाच्या आशेने पुन्हा गर्भधारणा करणारी कुटुंबे आहेत. अहमदाबादच्या एका कुटुंबाने प्रयोगशाळेत भ्रूण तपासून निरोगी आणि जुळणारी मुलगी जन्माला घातली आणि तिच्या मज्जेने २०२० मध्ये मोठ्या भावावर यशस्वी उपचार झाले. त्यावर नीतीचे पुष्कळ प्रश्न विचारले गेले. मला एकच महत्त्वाचा वाटतो : त्या मुलीला घरात स्वतःसाठी जागा आहे ना?

मुलींचा प्रश्न याच ठिकाणी येतो. हा आजार मुलगा-मुलगी भेद करत नाही, दोघांत सारखाच होतो. प्रत्यारोपण झालेल्यांच्या यादीत मात्र भारतात मुलगे सरळ जास्त दिसतात. बहिणीची मज्जा भावाला, हे सहज होते. मुलीसाठी शेत गहाण टाकणे तितके सहज होत नाही. यावर डॉक्टर काही करू शकत नाहीत, मदत देणाऱ्या संस्था करू शकतात, आणि त्यांनी करावे.

बऱ्या झालेल्या मुलाचे पुढचे आयुष्यही कुणी नीट समजावून सांगत नाही. लसी पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतात. साठलेले लोह प्रत्यारोपणाने जात नाही. म्हणून वर्षभराने, नवे हिमोग्लोबिन भरपूर झाल्यावर, दर काही आठवड्यांनी थोडे रक्त काढून टाकतात आणि तसे लोह उतरवतात. जे मूल सुईतून रक्त घेत आले, त्याला आता सुईतून रक्त का काढायचे हे समजावणे सोपे नसते. वाढ आणि वयात येणे यांवर लक्ष ठेवावे लागते. केमोथेरपीने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, विशेषतः मुलींची. ही गोष्ट प्रत्यारोपणाच्या आधी सांगायची आहे, लग्न ठरवताना नव्हे.

महाराष्ट्रासाठी दुसरा मोठा आजार सिकलसेल. यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य ठणकतात. विदर्भात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि मेळघाट, खान्देशात नंदुरबार हा त्याचा पट्टा. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या समाजांत आणि पूर्व विदर्भातल्या अनेक मागास जातींत तो पसरलेला आहे. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असे बरीच वर्षे म्हटले जाई. विदर्भातल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांची नोंद ठेवून ते खोडले. इथली पुष्कळ मुले वारंवार कळांनी, जंतुसंसर्गाने, अगदी पक्षाघातानेही आजारी पडतात. हायड्रॉक्सीयुरिया ही स्वस्त गोळी त्यांतल्या बहुतेकांचे हाल कमी करते, आणि ती प्रत्येक उपकेंद्रात मिळाली पाहिजे, प्रत्यारोपणाच्या आधी ती. ज्यांना ती पुरत नाही, ज्यांना एकदा पक्षाघात झाला किंवा छातीचे गंभीर दुखणे परत परत उलटते, त्यांच्यासाठी प्रत्यारोपण आहे. जुळणाऱ्या भावंडाकडून झालेल्या जगभरच्या हजार प्रत्यारोपणांचा आढावा २०१७ मध्ये आला, त्यात पाच वर्षांनंतर सुमारे ९३ टक्के रुग्ण जिवंत होते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवून. तपासणी हवीच. पण तपासणीनंतर नुसते रंगीत कार्ड हातात देऊन भागत नाही. नंदुरबारमधल्या धडगावच्या पावरा कुटुंबाला प्रत्यारोपण हा शब्द ऐकवणारेसुद्धा अजून कुणी नाही.

प्रत्यारोपण लागणाऱ्या इतर आनुवंशिक आजारांविषयी थोडक्यात. फॅन्कोनी अ‍ॅनिमियात मज्जा हळूहळू वाळत जाते. स्किड या आजारात बाळ प्रतिकारशक्तीविनाच जन्मते, आणि जन्मल्यावर टोचलेली बीसीजीची लससुद्धा त्याला घातक ठरू शकते. या बाळांना पहिल्या काही महिन्यांतच मज्जा मिळाली तर ती जगतात. आधीचे भावंड लहानपणी न्यूमोनियाने गेले असेल तर पुढच्या बाळाची तपासणी जन्मताच करून घ्यावी. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयआयएचमध्ये, ती होते. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली अशा मुलांना मदत मिळते, तिची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली आहे.

भावंड जुळले नाही तर? पहिला रस्ता दात्यांच्या नोंदवहीचा. जगभर अशा नोंदवह्यांत चार कोटींच्या आसपास लोक आहेत, पण त्यांत भारतीय वंशाचे फार थोडे. म्हणून आपल्या मुलाला परका दाता सापडणे अवघड जाते. दुसरा रस्ता निम्म्या जुळणीचा, आई किंवा बाप दाता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला विकसित झालेल्या पद्धतीने, प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड देऊन, हे शक्य झाले आहे आणि भारतातही बऱ्याच ठिकाणी होते. खर्च आणि धोका दोन्ही पूर्ण जुळणीपेक्षा जास्त. ज्या केंद्राला याचा भरपूर सराव आहे तिथेच ते करावे, आणि "आतापर्यंत थॅलेसेमियाची किती मुले केली, किती जगली" हे विचारायला पालकांनी लाजू नये.

नाळेतल्या रक्ताच्या खासगी पेढ्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. प्रसूतीच्या आधी हजारो रुपये भरून बाळाच्या नाळेचे रक्त साठवा, पुढे त्यालाच उपयोगी पडेल, असे सांगितले जाते. थॅलेसेमियाच्या बाळाच्या नाळेतही तोच दोष असतो. त्याचे रक्त त्यालाच देऊन काहीही साधत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही. घरात आधीच एक आजारी मूल असेल, तर नव्या भावंडाच्या नाळेचे रक्त ठेवण्यात अर्थ आहे, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. इतरांनी ते पैसे दुसऱ्या कामाला लावावेत.

जनुकोपचाराच्या बातम्यांनी पालक थांबून राहतात, हे मला अधिक काळजीचे वाटते. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत कॅसजेव्ही या जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्या स्वतःच्याच मूळपेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून परत देतात, दाता लागत नाही. शोध खरोखर मोठा आहे. पण अमेरिकेत तेव्हा किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे साधारण अठरा कोटी रुपये, आणि त्यातही बुसल्फानची तीच केमोथेरपी घ्यावी लागते. वेल्लोरच्या डॉक्टरांनी हिमोफिलियावरच्या जनुकोपचाराचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध केले, त्यामुळे देशी आणि स्वस्त उपचाराची आशा रास्त आहे. तरी जुळणारे भावंड घरात असताना चार वर्षांच्या मुलाला या आशेवर दहा वर्षांचे होऊ देऊ नये. तोवर त्याचे यकृत थांबणार नाही.

पैशांचे गणित असे. खासगी रुग्णालयात जुळणाऱ्या भावंडाचे प्रत्यारोपण साधारण दहा ते पंधरा लाखांत होते, निम्म्या जुळणीला याच्या दुपटीहून अधिक लागू शकतात. कोल इंडिया ही सरकारी कंपनी २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून, ठरावीक उत्पन्नमर्यादेखालच्या कुटुंबाला, निवडक रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत देते. मुंबईत महापालिकेचे थॅलेसेमिया आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र बोरिवलीला आहे. उरलेल्या रकमेसाठी पंतप्रधान आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधी, ट्रस्ट. जन्मभराचे रक्त, गोळ्या, तपासण्या आणि बुडालेली रोजंदारी यांची बेरीज केली तर प्रत्यारोपण सरकारलाही स्वस्त पडते. अडचण अशी की हा खर्च एका दमात करावा लागतो, आणि कागदपत्रांच्या फेऱ्यांत जे सहा महिने जातात ते मुलाच्या वयातून वजा होतात.

प्रत्यारोपणाची गरजच पडू नये, हे सर्वांत उत्तम, आणि ते अशक्य नाही. सायप्रससारख्या लहान देशाने सत्तरच्या दशकापासून तपासणीचा आग्रह धरला आणि थॅलेसेमिया मेजर मुलांचे जन्म जवळजवळ थांबवले. आपल्याकडे गर्भवतीच्या हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झाली, ती मायनर निघाल्यास नवऱ्याची लगेच झाली, आणि दोघे मायनर असतील तर दहा ते बारा आठवड्यांत गर्भाची तपासणी झाली, तर कुटुंबाला निर्णयाला वेळ मिळतो. बहुतेक ठिकाणी ही तपासणी पाचव्या-सहाव्या महिन्यात होते किंवा होतच नाही. आणि मायनर निघालेल्या मुलीचे लग्न मोडते, मायनर मुलाचे कुणी विचारतही नाही. मायनर म्हणजे आजार नव्हे, हे मुलीकडच्यांना ठणकावून सांगता यायला हवे.

ज्यांच्या घरात नुकतेच थॅलेसेमिया मेजरचे निदान झाले आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे : हिमोग्लोबिन नऊच्या खाली जाऊ देऊ नका, लोह काढण्याची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून एकही चुकवू नका, आणि मुलाची व सगळ्या भावंडांची, मायनर असली तरी, एचएलए तपासणी याच वर्षी करून घ्या. संकल्पसारख्या संस्था ती शिबिरांत मोफत करतात. आणि ज्यांच्या घरात हे दुखणे नाही, वय अठरा ते पन्नास आहे, त्यांनी दात्री किंवा डीकेएमएस इंडिया या संस्थांच्या दात्यांच्या नोंदवहीत नाव घालावे. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, सुईही टोचत नाहीत. मराठी मुलाला जुळणारा दाता सापडला तर तो बहुधा मराठी माणसांतच सापडेल, आणि त्या यादीत आपण आज फार कमी आहोत.